प्रवासात डीपीएफचा दिवा लागल्यास: इंदूरहून निघणाऱ्या नवख्या डिझेल चालकांसाठी

दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत इंदूरहून नाशिक, पुणे, मुंबईकडे निघणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांकडे आता बीएस-६ (म्हणजे नव्या प्रदूषण निकषांची) डिझेल गाडी असते, आणि त्यांतील बऱ्याच गाड्या वर्षाचे बाकीचे दिवस राजेंद्रनगर ते राजवाडा किंवा सुदामानगर ते मुलांची शाळा एवढ्याच अंतरात फिरतात. अशा गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, पिवळा दिवा पहिल्यांदा लागतो तो बहुधा महामार्गावर, सामानाने भरलेली गाडी घर सोडून तासभर पुढे आल्यावर. तेव्हा कोणी घाबरून गाडी बाजूला घेतो आणि इंजिन बंद करून टाकतो, तर कोणी दिव्याकडे काणाडोळा करून धुळ्यापर्यंत तसाच जातो. पहिला चालक फिल्टरला स्वतःची साफसफाई करण्याची संधी देत नाही, आणि दुसरा चालक ती संधी हातातून निघून गेल्यावर जागा होतो.

पुढे दिलेल्या सर्व पायऱ्या एकाच फरकावर उभ्या आहेत. डीपीएफचा पिवळा दिवा एकटाच आणि स्थिर लागला असेल, तर गाडी विशिष्ट पद्धतीने चालवत राहायची असते. त्याच्या जोडीला चेक इंजिनचा दिवा आला, दिवा लुकलुकू लागला किंवा गाडीचा पिकअप गेला, तर मात्र चालवून प्रश्न सुटण्याची वेळ टळलेली असते आणि गाडी तज्ज्ञाच्या स्कॅनरवरच (गाडीच्या संगणकातील दोष वाचणाऱ्या यंत्रावर) न्यावी लागते. हा फरक ओळखता आला, तर या प्रश्नातील बहुतेक खर्च आणि मनस्ताप टाळता येतो.

फिल्टर आत काय करतो

डीपीएफ म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल मोटारींत हा फिल्टर सर्रास दिसू लागला. सिलिकॉन कार्बाइड किंवा कॉर्डिएराइट या उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचा तो ठोकळा असतो, आणि त्यात मधाच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात. शेजारशेजारच्या नळ्या आळीपाळीने एकेका टोकाला बंद केलेल्या असल्यामुळे धुराला नळीच्या सच्छिद्र भिंतीतूनच पलीकडे जावे लागते, आणि काजळीचे कण अलीकडेच अडकतात. याच निकषांबरोबर डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० भागांवरून १० भागांवर आणले गेले, कारण गंधकामुळे या यंत्रणेतील प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारख्या धातूंचा लेप निकामी होत जातो.

अडकलेली काजळी जाळून टाकण्याच्या क्रियेला रिजनरेशन म्हणतात; गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘रिजन’ म्हटले जाते. ही क्रिया दोन प्रकारे घडते. महामार्गावर गाडीवर सतत भार असतो तेव्हा धूर साधारण २५० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, आणि धुरातील नायट्रोजन डायऑक्साइडच्या साहाय्याने काजळी हळूहळू जळत राहते. चालकाला याचा पत्ताही लागत नाही. शहरातील छोट्या फेऱ्यांत मात्र धूर एवढा तापतच नाही. मग काजळी ठरावीक मर्यादेपर्यंत साचली, की इंजिनाचा संगणक स्वतःहून थोडे जादा डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा सोडतो, ते फिल्टरच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये (धातूचा लेप असलेल्या भागात) जळते, आणि फिल्टरचे तापमान ६०० अंशांच्या आसपास नेले जाते. या सक्रिय रिजनला साधारण १० ते २० मिनिटे लागतात.

खरी अडचण येथेच आहे. शहरातली फेरी दहा मिनिटांत संपते, चालक इंजिन बंद करतो, रिजन अर्धवट राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होते आणि पुन्हा तुटते. म्हणजे फिल्टर तुंबतो तो शहरात. महामार्गावर त्याचा फक्त दिवा लागतो. हे लक्षात घेतले, तर प्रवासाची खरी तयारी निघण्याच्या आठवडाभर आधी सुरू व्हायला हवी, हेही ओघाने आलेच.

निघण्यापूर्वीचा आठवडा

सर्वप्रथम गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतील डीपीएफचे पान शोधून वाचावे. दिव्याचे चित्र साधारणपणे धूर येण्याजाण्याच्या नळीवर एक डबा आणि त्यात ठिपके असे असते. परंतु काही गाड्यांत चित्राऐवजी किंवा चित्रासोबत पडद्यावर संदेश येतो, आणि काहींत हाताने रिजन सुरू करण्याचे बटणही दिलेले असते. तुमच्या गाडीसाठी किती वेग, किती आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणि किती वेळ सांगितला आहे, हे त्या पानावरूनच ठरवावे. या लेखातील आकडे सर्वसाधारण आहेत; जेथे पुस्तिका वेगळे सांगत असेल, तेथे पुस्तिकेचेच ऐकावे.

त्यानंतर सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना आणि इंजिन थंड असताना, ऑइलची डिपस्टिक काढून पाहावी. फडक्याने पुसून ती पुन्हा आत घालावी आणि मग ऑइल कोठपर्यंत आले आहे ते नीट बघावे. बहुतेक लोक ऑइल कमी झाले का एवढेच तपासतात. डीपीएफ असलेल्या गाडीत ते वाढले का, हेही पाहिले पाहिजे. रिजन वारंवार अर्धवट राहिले, तर उशिरा सोडलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेले असेल, हाताला पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते बदलल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नये. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे संरक्षण करू शकत नाही, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचेच ऑइल ओढून जाळू लागण्याचा धोका असतो.

ऑइल बदलताना पुस्तिकेत दिलेली प्रतच घ्यावी. डीपीएफच्या मोटारींना कमी राख देणारे ऑइल लागते, आणि डब्यावर बहुधा ‘सी२’ किंवा ‘सी३’ अशी खूण असते. केवळ ५डब्ल्यू-३० हा आकडा जुळला म्हणजे ऑइल योग्य आहे असे समजू नये, कारण तो आकडा फक्त दाटपणा सांगतो. काजळी जाळता येते, परंतु ऑइलमधील धातुक्षारांची राख कोणत्याही रिजनने जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची साठत जाते आणि शेवटी फिल्टर उतरवून स्वच्छ करावा किंवा बदलावा लागतो. दुकानदाराने ‘हेही चालते’ म्हणून दिलेल्या स्वस्त डब्याची किंमत पुढे येथे मोजावी लागते.

जी गाडी पंधरा-वीस दिवस एकाच जागी उभी होती, तिचे बॉनेट उघडून दिवसाउजेडी एक नजर टाकावी. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक मोजणारा एक छोटा सेन्सर असतो आणि त्याला दोन बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्यांतील रबरी भाग उंदरांनी कुरतडणे, तडकणे किंवा सांध्यातून निसटणे हे प्रकार घडतात. नळी फुटली, की फिल्टर किती भरला आहे याचा संगणकाचा अंदाज चुकतो, आणि मग भरलेला फिल्टर रिकामा वाटतो किंवा चांगल्या फिल्टरचा दिवा लागतो. एअर फिल्टरही याच वेळी पाहून घ्यावा, कारण इंजिनाला हवा कमी पडली की काजळी वाढते.

शेवटची तयारी म्हणजे निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी गाडी एकदा सलग चालवून आणणे. भल्या सकाळी, वाहतूक वाढण्यापूर्वी, बायपासवरून देवासच्या दिशेने जाऊन परत आल्यास इंजिन पुरेसे तापते आणि फिल्टरला अर्ध्या तासाहून अधिक वेळ मिळतो. खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढचा घाट या कामासाठी निवडू नये. तेथे वळणे आणि ट्रकांच्या रांगा यांमुळे एकसारखा वेग राखताच येत नाही. या फेरीत दिवा लागला, तरी तुम्ही घराजवळ आणि ओळखीच्या गॅरेजच्या आवाक्यात असता, हा मोठाच फायदा आहे.

रिजन सुरू आहे हे कसे ओळखावे

बऱ्याच गाड्या रिजन सुरू असताना कोणताही दिवा लावत नाहीत. दिवा लागतो तो ते पूर्ण होऊ शकले नाही तर. म्हणून बाकीच्या खुणा ओळखता आल्या पाहिजेत. गाडी सिग्नलला उभी असताना एरवी ८०० च्या आसपास असणारा आरपीएमचा काटा १००० च्या जवळ राहतो. इंधनाचा तात्कालिक खप दाखवणारा आकडा एरवीपेक्षा वाईट येतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी यंत्रणा काम करीनाशी होते. गाडी थांबवल्यावर रेडिएटरचा पंखा मोठ्याने फिरत राहतो आणि खालून तापलेल्या लोखंडासारखा वास येतो. यांतल्या दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर बहुधा रिजन चालू आहे असे समजावे.

समजा, खलघाटाला चहासाठी गाडी ढाब्यावर घेतली आणि थांबताक्षणी पंखा घोंघावू लागला, आरपीएमचा काटा वर दिसला. अशा वेळी किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. चहा दहा-पंधरा मिनिटे उशिरा मिळाला तरी चालेल. गाडी पुन्हा रस्त्यावर घेऊन रिजन पूर्ण होऊ द्यावे आणि पुढच्या ढाब्यावर थांबावे. टोलनाक्यावरच्या दोन-तीन मिनिटांच्या खोळंब्याने फारसे बिघडत नाही, कारण वेग पुन्हा मिळाल्यावर संगणक बहुधा क्रिया पुढे चालू ठेवतो. इंजिन बंद करणे मात्र टाळावे.

अगदी थांबावेच लागले, तर गाडी कोठे उभी करता ते पाहावे. फाल्गुन-चैत्रात माळवा आणि निमाडमध्ये गव्हाची कापणी झालेली असते आणि रस्त्याच्या कडेला सुके गवत व काड पडलेले असते. रिजन चालू असलेल्या गाडीचा फिल्टर आणि सायलेन्सर इतका तापलेला असतो, की खालच्या सुक्या काडाला आग लागू शकते. डांबरी किंवा मुरमाच्या मोकळ्या जागीच गाडी उभी करावी आणि मुलांना सायलेन्सरच्या मागे उभे राहू देऊ नये.

दिवा लागला: पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे डॅशबोर्ड पूर्ण वाचणे. डीपीएफचा दिवा एकटाच आहे ना, इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागी आहे ना, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागलेला नाही ना, हे पाहावे. लाल दिवा कोणताही असो, तो लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे; तेथे डीपीएफचा विचार मागे पडतो.

दुसरी पायरी म्हणजे टाकीतील डिझेल पाहणे. बऱ्याच गाड्यांत डिझेल फार कमी असेल, तर संगणक रिजन सुरूच करत नाही. टाकी पावपेक्षा कमी भरलेली असल्यास पुढच्या पंपावर डिझेल घ्यावे, आणि ते चालत्या, गर्दीच्या, नामांकित पंपावरच घ्यावे. महामार्गालगत डब्यांतून किंवा पत्र्याच्या शेडमधून मिळणारे सुटे स्वस्त इंधन या गाड्यांत कधीही घालू नये.

तिसरी पायरी म्हणजे फिल्टरला हवी तशी गाडी चालवणे. येथे वेगापेक्षा भार आणि आरपीएम महत्त्वाचे असतात. सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर निवांत ८० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापेलच असे नाही. तीच गाडी त्याच वेगाने चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २००० ते २५०० आरपीएमवर चालवली, तर तापमान लवकर वर जाते. ऑटोमॅटिक गाडी असल्यास मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड वापरून गिअर एकाने खाली ठेवावा. ॲक्सिलरेटर एकसारखा दाबून ठेवावा आणि किमान वीस-पंचवीस मिनिटे हाच क्रम चालू ठेवावा. एसी बंद करण्याचे कारण नाही, आणि गाडीत माणसे व सामान भरपूर असेल तर त्या भाराने इंजिन अधिकच तापते. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी वेगाची कमाल मर्यादा १०० असली, तरी या कामासाठी ७०-८० चा वेग पुरतो. ‘गाडी जोरात ताणली की फिल्टर साफ होतो’ हा समज चुकीचा आहे, आणि सामानाने भरलेल्या गाडीत तो जिवावर बेतू शकतो.

चौथी पायरी म्हणजे जागा निवडणे, आणि इंदूर ते धुळे या रस्त्यावर तिचा विचार थोडा तपशिलाने केला पाहिजे. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. मानपूर सोडल्यानंतर रस्ता निमाडच्या सखल भागात उतरू लागतो आणि घाटाचा उतार लागतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, इंजिनावर भार नसतो, सिलिंडरमध्ये डिझेल जवळजवळ जातच नाही, आणि त्यामुळे धूर थंड होतो. म्हणून दिवा राऊ किंवा महूच्या जवळ लागला, तरी घाटात काही करण्याची घाई करू नये. घाटात लक्ष फक्त ब्रेक, गिअर आणि मागेपुढे असलेल्या ट्रकांवर ठेवावे, आणि धामनोद आल्यावर कामाला लागावे. धामनोदपासून खलघाटचा नर्मदेवरचा पूल ओलांडून ठीकरी, जुलवानिया आणि पुढे सेंधव्यापर्यंत सुमारे पाऊणशे किलोमीटरचा रस्ता रुंद असून चढउतार लहान आहेत; रिजन पूर्ण करण्यासाठी एवढी सलग वाट पुष्कळ झाली. सेंधव्याच्या पुढे बिजासनचा घाट उतरून पळासनेर, शिरपूरकडे जावे लागते, आणि त्या उतारावर पुन्हा तीच अडचण येते. परतीच्या प्रवासात याच्या उलट घडते: हेच घाट चढायचे असतात, इंजिनावर भरपूर भार येतो आणि फिल्टर आपोआप बराच मोकळा होतो. धुळ्याहून येताना बिजासन चढून वर आल्यावर दिवा विझलेला दिसला, तर त्यामागचे कारण हे असते.

पाचवी पायरी म्हणजे निर्णय घेणे. दिवा विझला, तर पुढची दहा मिनिटे गाडी नेहमीप्रमाणे चालवावी आणि प्रवास चालू ठेवावा. दिवा विझला नाही, तर हाच प्रयोग आणखी एकदा करावा. दुसऱ्या प्रयत्नानंतरही तो तसाच राहिला, तर पुण्यापर्यंत नशिबावर भरवसा ठेवून जाऊ नये. माझ्या मते खलघाटच्या अलीकडे असाल तर इंदूरला परत फिरणे हिताचे असते, कारण गाडीच्या कंपनीचे मोठे वर्कशॉप तेथे हमखास मिळते. सेंधवा ओलांडला असेल तर धुळे गाठावे. मधल्या गावांत टायर, ब्रेक, बॅटरी यांची कामे उत्तम करणारे मिस्त्री भेटतात, पण डीपीएफच्या कामाला गाडीच्या मॉडेलशी जुळणारा स्कॅनर लागतो आणि तो प्रत्येकाकडे नसतो.

चालवणे थांबवण्याची वेळ

डीपीएफच्या दिव्यासोबत चेक इंजिनचा दिवा लागला, आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचलेनाशी झाली, की ती लिम्प मोडमध्ये गेलेली असते. इंजिन वाचवण्यासाठी संगणकाने शक्ती मुद्दाम कमी केलेली असते. या अवस्थेत काजळी इतकी साठलेली असू शकते, की चालत्या गाडीत ती जाळणे धोक्याचे ठरते. एकदम पेट घेतल्यास फिल्टरच्या आतील तापमान १००० अंशांच्या पुढे जाऊन ठोकळा तडकतो किंवा वितळतो. म्हणून संगणक स्वतःच रिजन बंद ठेवतो. त्याच्याशी झगडत आरपीएम वाढवण्यात काही अर्थ नसतो.

अशा वेळी हॅझर्ड दिवे लावून गाडी डावीकडे घ्यावी, शक्य असल्यास पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात न्यावी, आणि मागे पुरेशा अंतरावर इशाऱ्याचा त्रिकोण ठेवावा. घाटात असाल तर माणसांना गाडीत बसवून ठेवू नये. त्यांना संरक्षक कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागी उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे, आणि गाडीच्या कंपनीचा किंवा विम्याचा रोडसाइड असिस्टन्सचा क्रमांक फोनमध्ये आधीच साठवून ठेवावा. ऑटोमॅटिक किंवा फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दोरीने ओढू देऊ नये. पूर्ण गाडी वर चढवणारा ट्रकच मागवावा.

वर्कशॉपमध्ये काय होते आणि काय विचारावे

वर्कशॉपमध्ये स्कॅनर जोडून आधी दोषाचे कोड वाचले जातात. पी२४६३ हा कोड काजळी साचल्याचे सांगतो, पी२००२ फिल्टरची कार्यक्षमता कमी झाल्याचे, आणि पी२४५२ दाबाच्या सेन्सरच्या सर्किटमधील दोषाचे. नवख्या माणसाने एवढे तीन लक्षात ठेवले तरी पुरे. कोड कागदावर लिहून घ्यावेत किंवा स्कॅनरच्या पडद्याचा फोटो काढावा, आणि कोड पुसण्यापूर्वीच तो काढावा. नुसता कोड पुसून दिवा घालवला, तर काजळी जेथल्या तेथे राहते आणि काही किलोमीटरांत दिवा परत येतो.

काजळी कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत असेल, तर उभ्या गाडीत स्कॅनरच्या साहाय्याने सक्तीचे रिजन केले जाते. इंजिन आपोआप उंच आरपीएमवर चालते, सायलेन्सरमधून कडक उष्ण हवा येते, आणि या कामाला साधारण अर्धा तास लागतो. ते मोकळ्या जागेत, मागे काही नसताना व्हायला हवे. त्यानंतर ऑइलची पातळी पुन्हा तपासून, गरज असल्यास ऑइल व ऑइल फिल्टर बदलून घ्यावेत. काजळी मर्यादेपलीकडे असेल, तर फिल्टर उतरवून विशेष यंत्रावर स्वच्छ करणे किंवा बदलणे एवढेच पर्याय उरतात.

तेथे एक प्रश्न आवर्जून विचारावा: फिल्टर तुंबला, पण तो कशामुळे? नेहमी लांबच्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा फिल्टर भरत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप), ऑइल सोडणारा टर्बो, टर्बोच्या पुढची फाटलेली हवेची नळी किंवा बिघडलेला तापमानाचा सेन्सर यांपैकी कोणतेही कारण काजळी वाढवते किंवा रिजन अडवते. ते कारण न शोधता नवीन फिल्टर बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो, आणि नवीन फिल्टर हा स्वस्त भाग नाही. सल्लागाराने थेट फिल्टर बदलण्याचा अंदाजखर्च पुढे केला, तर दाबाचे आणि काजळीचे आकडे दाखवण्याची विनंती करावी. काम जाणणारा मिस्त्री ते आनंदाने दाखवतो.

निळ्या झाकणाचा गोंधळ

काही डिझेल गाड्यांत डिझेलच्या झाकणाशेजारी किंवा दुसऱ्या ठिकाणी एक निळे झाकण असते. त्यात डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के युरिया असलेले शुद्ध पाण्याचे द्रावण भरतात. ते धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करते. काजळीशी त्याचा संबंध नसतो. डीपीएफचा दिवा लागला म्हणून डीईएफ ओतल्याने काहीही साधत नाही. उलट डीईएफची पातळी संपत आल्याचा इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा, कारण ते पूर्ण संपल्यावर, एकदा बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होत नाही. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत गेले, तर किल्ली अजिबात फिरवू नये आणि गाडी सरळ टो करून न्यावी.

जे करू नये

ढाब्यावर भेटणारी माणसे मनापासून मदत करू पाहतात, आणि त्यांतील काही सल्ले जुन्या गाड्यांना लागूही पडत असत; या गाड्यांत मात्र ते नुकसान करतात. सायलेन्सरमध्ये पाण्याचा प्रेशर मारणे, डिझेलमध्ये केरोसीन किंवा पेट्रोल मिसळणे, गाडी उभी ठेवून अर्धा तास रेस करत राहणे, दिवा विझावा म्हणून बॅटरीची तार काढणे, यांपैकी काहीही करू नये. बाजारात मिळणाऱ्या फिल्टर साफ करणाऱ्या रसायनांच्या बाबतीत माझे मत असे आहे, की गाडीच्या कंपनीने मान्य केलेले नसेल ते रस्त्यात तरी वापरू नये.

फिल्टर काढून टाकून संगणकातील प्रोग्राम बदलून देतो, असेही कोणी सांगेल. या मोहात पडू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल करता येत नाही, आणि कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटीवर पाणी सोडावे लागते ते वेगळेच. आणि ती काजळी मग आपल्याच गल्लीत, आपल्याच मुलांच्या श्वासात जाते. ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे त्यांना याहून जास्त सांगण्याची गरज नाही.

इंदूरला परतल्यावर

प्रवासात दिवा लागून गेला असेल, तर परतल्यावर आठवडाभराच्या आत डिपस्टिक पुन्हा एकदा पाहावी आणि पुढच्या सर्व्हिसिंगला ही गोष्ट जॉबकार्डवर लिहून घ्यावी: दिवा कोठे लागला, किती वेळाने विझला, सोबत दुसरा कोणता दिवा होता का. ज्यांना हौस आहे त्यांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर जोडण्याच्या जागी) बसणारे छोटे ब्लूटूथ यंत्र घ्यावे. अनेक गाड्यांत त्यावरून फिल्टरच्या दाबातील फरक आणि धुराचे तापमान फोनवर दिसते, आणि रिजन केव्हा सुरू होऊन केव्हा संपले हे कळते. बाकीच्यांनी पंधरवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर, गिअर एकाने खाली ठेवून चालवावी. ज्या घरातली गाडी रोज चार-पाच किलोमीटरांपलीकडे जात नाही आणि अशी फेरीही मारणे जमत नाही, त्या घराने पुढची गाडी घेताना पेट्रोल, सीएनजी किंवा विजेवरच्या गाडीचा विचार करावा. कारण अशा वापरात डिझेल गाडीचा फिल्टर पुन्हा पुन्हा भरणारच.